सोबत

दिवाळी अंकातल्या या पानावर काय लिहावे, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो आणि दरवर्षी घरातलेच कुणीतरी तो सोडवते. एकदा तो बिघडलेल्या चकलीने सोडवला होता, एकदा न आलेल्या रंगाऱ्याने. यंदा तो माझ्या नातीने सोडवला. सोडवला म्हणण्यापेक्षा माझ्या पुढ्यात आणून आदळला, असे म्हटले तर अधिक बरोबर होईल.

नात सोळा वर्षांची. अकरावीत शिकते आणि ड्रम वाजवते. ज्यांच्या घरी हे वाद्य नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो: ड्रम म्हणजे एक वाद्य नव्हे, तो एक अख्खा संसार आहे. पायाने वाजवायचा एक मोठा ढोल, हाताने वाजवायचे तीनचार लहान, वर टांगलेल्या पितळी झांजा, आणि या सगळ्यांच्या मधोमध एका गोल स्टुलावर बसलेली आमची चिमुरडी. सोसायटीच्या चिटणिसांची दोन पत्रे आल्यावर चिरंजीवांनी रबराच्या चकत्या आणून त्या सगळ्या संसारावर बसवल्या. तेव्हापासून संध्याकाळी आमच्या घरातून, आत कुणीतरी घाईघाईने पापड लाटत असावे, असा आवाज येतो.

तिच्या बरोबरीच्या आणखी तीन मुली आहेत. एक गिटार वाजवते, दुसरी खर्जातली गिटार वाजवते (तिला बेस म्हणायचे, हे मला आता समजले आहे) आणि तिसरी गाते. दर रविवारी चौघी जमतात, परातभर पोहे फस्त करतात आणि दार लावून घेतात. आत काय चालते ते आम्हाला कळत नाही. पण बाहेर येतात तेव्हा चौघींचे चेहरे असे उजळलेले असतात, की सोसायटीच्या पत्रांचा राग येईनासा होतो.

इथपर्यंत सगळे ठीक होते. नवरात्रात त्यांच्या कॉलेजात कार्यक्रम झाला आणि तो ऐकून एक गृहस्थ आमच्या घरी आले. बूट बाहेर काढून ठेवून अत्यंत नम्रपणे बसले. "काका, मुली म्हणजे सोनं आहे सोनं!" असे म्हणाले, चहा घेतला, आणि चारपानी कागद टीपॉयवर ठेवून गेले. नाताळच्या आठवड्यात गोव्याच्या हॉटेलांतून सात कार्यक्रम. जाण्यायेण्याचा खर्च त्यांचा. मानधनाचा आकडा असा, की तो वाचून सूनबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचला.

चिरंजीव म्हणाले, "नाही म्हणजे नाही."

सूनबाई म्हणाल्या, "अहो, निदान ऐकून तरी घ्या."

नात काही म्हणाली नाही. ती जेवली नाही.

तो कागद शेवटी माझ्याकडे आला. छत्तीस वर्षे मी फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत कारकुनी केली. करारपत्रे लिहिली, लिहवून घेतली, ताडून पाहिली. "आजोबांनी कागद वाचावा आणि ते म्हणतील ते खरं," असा तह झाला. नातीने मात्र एक अट घातली. "वाचण्याआधी तुम्ही एक सिनेमा बघायचा. म्हणजे तुम्हाला कळेल आम्ही काय करतो ते."

योगायोगाने आक्का दिवाळीसाठी सांगलीहून आलेली होती. आक्का माझी थोरली बहीण. वय त्र्याऐंशी, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. "मीही बघते," म्हणाली आणि पाय वर घेऊन सोफ्यावर बसली.

सिनेमाचे नाव 'द रनअवेज'. म्हणजे घरातून पळालेल्या पोरी. २०१० सालचा, अमेरिकेतला. फ्लोरिया सिगिस्मोंडी या बाईंनी तो लिहिला आणि दिग्दर्शित केला. त्यांचा हा पहिलाच मोठा चित्रपट. त्याला तिकडे जो शिक्का मिळाला आहे त्याचा अर्थ असा, की सतरा वर्षांखालच्या मुलांनी तो वडीलधाऱ्या माणसाबरोबरच पाहावा. नात सोळा वर्षांची, तेव्हा त्या संध्याकाळी मी कायदेशीर वडीलधारा म्हणून बसलो होतो. सिनेमा सुरू झाल्यावर पाचच मिनिटांत चिरंजीवांना एक महत्त्वाचा फोन आठवला आणि ते गॅलरीत गेले. यावरून तो कसा आहे याची कल्पना यावी. शिव्या आहेत, नशापाणी आहे, आणि बरेच काही असे आहे की जे दिवाळी अंकात लिहीत नाहीत. पण तो खोटा नाही. मला त्यातली घाण दाखवण्यासाठी दाखवलेली वाटली नाही. ज्या जागी त्या पोरी उभ्या होत्या ती जागाच तशी होती.

गोष्ट खरी आहे. १९७५ साली लॉस एंजेलिस शहरात जोन जेट नावाची मुलगी होती. वय सोळा, पुढच्याच महिन्यात सतरा व्हायची. तिला विजेची गिटार वाजवायची होती. सिनेमात ती शिकवणीला जाते तर मास्तर तिला सांगतात, की मुली असली गिटार वाजवीत नसतात. ते तिला एक बाळबोध लोकगीत शिकवू लागतात. हे दृश्य आले तेव्हा नातीने माझ्याकडे पाहिले. मी टीव्हीकडे पाहत राहिलो.

जोनला ड्रम वाजवणारी सँडी वेस्ट मिळाली. दोघींची गाठ घालून दिली ती किम फाउली या निर्मात्याने. मुलींचाच रॉक बँड काढला तर तो विकला जाईल, हे या माणसाने ओळखले. गिटारला लिटा फोर्ड आली. गायला कुणीतरी दिसायला हवे म्हणून शेरी करी ही पंधरा वर्षांची मुलगी शोधून काढली. ती चाचणीला एक जुने संथ गाणे बसवून आली होती आणि ते बँडला वाजवता येईना. तेव्हा फाउली आणि जोन यांनी तिथल्या तिथे तिच्यासाठी नवे गाणे रचले, 'चेरी बॉम्ब'. पुढे तेच त्यांचे सर्वांत गाजलेले गाणे ठरले. १९७६ साली मर्क्युरी कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढली, १९७७ च्या उन्हाळ्यात त्या जपानला गेल्या. तिथे हजारो पोरी त्यांच्यामागे किंचाळत धावल्या. त्याच वर्षी शेरी बँड सोडून गेली. १९७९ साली बँड मोडला. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सगळे मिळून चार वर्षेही नाहीत.

सिनेमात शेरीचे काम डकोटा फॅनिंगने केले आहे. चित्रीकरणाच्या वेळी ती स्वतःही पंधरा वर्षांचीच होती, आणि ते वय तिला पांघरावे लागलेले नाही. जोनचे काम क्रिस्टन स्ट्युअर्टने केले आहे. ती मुलगी बोलते थोडे, खांदे पाडून चालते, आणि गिटार हातात आली की ताठ होते. गाणीही दोघींनी स्वतःच म्हटली आहेत. फाउलीच्या कामात मायकेल शॅनन हा नट आहे. त्याला पाहून अंगावर काटा येतो आणि त्याच्यावरून नजरही हलत नाही. एका मोडक्या फिरत्या घरात तो या पोरींची तालीम घेतो. तालीम कसली? बाहेरची टवाळ पोरे बोलावून तो त्यांना पोरींच्या अंगावर कचरा फेकायला लावतो. प्रेक्षक उद्या फेकतील, तेव्हा आजपासून सवय हवी, म्हणून!

नात म्हणाली, "बघा आजोबा, तरीही त्या वाजवतात!"

तिला त्या दृश्यात तेवढेच दिसले. कचरा अंगावर येत असताना ताल न सोडणारी सँडी तिला दिसली. सूनबाईंना दुसरेच दिसत होते. शेरीची आई सिनेमात नव्या नवऱ्याबरोबर इंडोनेशियाला निघून जाते, बाप दारूच्या आहारी गेलेला. सूनबाई त्या आईचा प्रसंग संपल्यावर उगाचच स्वयंपाकघरात जाऊन आल्या. मला दिसत होता तो फाउली. कचेरीत मी अशी माणसे पाहिली आहेत. ती आरडाओरडा करीत नाहीत, बूट बाहेर काढून ठेवतात, पण डोळ्यांतला हिशेब तोच असतो. पोरींचे वय हेच या माणसाचे भांडवल होते. वाजवणे हे वरचे व्याज!

सिनेमात दोष नाहीत असे नाही. उत्तरार्ध रेंगाळतो. सगळे कथानक जोन आणि शेरी या दोघींचेच. सँडी आणि लिटा कोपऱ्यात उभ्या राहतात. याचे कारण उघड आहे. तो बेतला आहे शेरीच्या 'निऑन एंजल' या आत्मचरित्रावर, आणि निर्मात्यांच्या यादीत खुद्द जोनचे नाव आहे. ज्यांनी सांगितले त्यांची गोष्ट झाली. धंदाही त्याने बेताचाच केला.

सिनेमा संपला. शेवटी शेरी एका दुकानात नोकरी करीत असते आणि रेडिओवर जोनचे गाणे लागते. आमच्या खोलीत कुणी काही बोलेना. मग आक्काने चष्मा काढला आणि विचारले, "काय रे, एवढा सिनेमा झाला, त्या पोरींना जेवलात का म्हणून विचारणारं एकही माणूस कसं नाही?"

नात म्हणाली, "आक्काआजी, तो रॉकबद्दल सिनेमा आहे, जेवणाबद्दल नाही."

"असेल बाई," आक्का म्हणाली. "पण नाव चुकलंय. म्हणे पळालेल्या पोरी. पोरी कुठं पळाल्या? मोठी माणसं पळाली."

रात्री मी टेबलावरचा दिवा लावून चारपानी कागद वाचायला घेतला. पण मन सिनेमातच होते, म्हणून आधी त्या पोरींचे पुढे काय झाले ते वाचले. जोन जेटने हार मानली नाही. तिच्या नव्या गाण्यांना तेवीस कंपन्यांनी नकार दिला. तेव्हा तिने आणि तिच्या एका साथीदाराने स्वतःच तबकड्या काढल्या आणि मोटारीच्या डिकीतून विकल्या. १९८२ साली तिचे 'आय लव्ह रॉक अँड रोल' अमेरिकेत सलग सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. लिटा फोर्डनेही स्वतःच्या बळावर नाव केले. शेरी व्यसनातून बाहेर आली आणि यांत्रिक करवतीने लाकडातून शिल्पे कोरू लागली. सँडी वेस्ट २००६ साली फुप्फुसाच्या कर्करोगाने वारली. वय सत्तेचाळीस. स्वतःवरचा सिनेमा तिला पाहायला मिळाला नाही.

आणि पाचवी? बँडमध्ये बेस वाजवणारी पाचवी मुलगी होती, जॅकी फॉक्स. सिनेमात ती नाही. तिने आपली कहाणी वापरायला परवानगी दिली नव्हती. म्हणून तिच्या जागी रॉबिन नावाची एक काल्पनिक मुलगी उभी केली आहे, आणि तिला बोलायला जवळजवळ काही नाही. जॅकी पुढे हार्वर्डला कायदा शिकली, वकील झाली. २०१५ साली तिने जाहीरपणे सांगितले, की १९७५ सालच्या शेवटच्या रात्री, ती नुकतीच सोळा वर्षांची झालेली असताना, फाउलीने तिच्यावर बलात्कार केला. फाउली त्याच वर्षी जानेवारीत वारला होता, तेव्हा त्याचे उत्तर ऐकायला मिळणार नव्हते. पण तिच्या सांगण्यातली एक गोष्ट वाचून मी कागद खाली ठेवला. ती म्हणते, त्या वेळी खोलीत इतरही माणसे होती.

म्हणजे माणसे होती. सोबत नव्हती.

आमचे थोरले साहेब नव्या कारकुनाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवीत. कागदावर जे लिहिले आहे ते कुणीही वाचील. तू जे लिहिलेले नाही ते वाच. मी चष्मा पुसला आणि त्या गृहस्थांचा कागद तसा वाचायला बसलो.

लिहिलेले पुष्कळ होते. वेशभूषा 'संयोजकांस योग्य वाटेल ती'. मुलींची छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि बँडचे नाव वापरण्याचा हक्क संयोजकांस 'कायमचा'. मानधन 'खर्च वजा जाता'. आणि खाली सह्यांसाठी चार ओळी, चौघी मुलींच्या. आता १८७२ सालच्या आपल्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला करारच करता येत नाही, आणि असा करार मुळातच निरर्थक असतो, हे १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने सांगून ठेवले आहे. हे त्या गृहस्थांना ठाऊक नसेल असे नाही. पण असला कागद न्यायालयासाठी नसतोच. तो पोरींना दाखवण्यासाठी असतो. 'तू सही केली आहेस' एवढे म्हटले, की सोळा वर्षांची मुलगी गप्प बसते.

शेरी आणि जोन ज्या कॅलिफोर्नियात वाढल्या तिथेही असा कायदा आहे. चार्ली चॅप्लिनचा १९२१ सालचा 'द किड' ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्यातला गोजिरवाणा मुलगा आठवत असेल, जॅकी कूगन. त्याने लहानपणी लाखो डॉलर मिळवले आणि मोठा झाल्यावर पाहतो तर आईने आणि सावत्र बापाने बहुतेक सगळे उडवलेले! तो कोर्टात गेला. त्यातून १९३९ साली बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवण्याचा कायदा झाला. चांगला कायदा आहे. पण कायदा पैशाला कुलूप लावतो. रात्री दोन वाजता कार्यक्रमाहून परतणाऱ्या मुलीच्या शेजारी तो गाडीत बसत नाही.

आणि न लिहिलेले? चार पानांत कुठेही लिहिलेले नव्हते की मुली राहणार कुठे, झोपणार कुठे, कार्यक्रम किती वाजता संपणार, आणि त्यांच्याबरोबर कोण असणार. मी पेन्सिल घेतली आणि समासात पाच कलमे लिहिली. पाचवे असे: दोन पालक संपूर्ण दौऱ्यात बरोबर राहतील.

सकाळी गृहस्थांना फोन केला. कलमे वाचून दाखवली. चौथ्यापर्यंत ते "हो काका, हो काका" म्हणत होते. पाचव्यानंतर थोडा वेळ शांतता झाली. मग म्हणाले, "काका, पालक बरोबर असले की मुलींचा मोकळेपणा जातो. तुम्ही विचार करा, मी कळवतो." त्यानंतर त्यांनी काही कळवले नाही.

मला वाटले, काम फत्ते झाले. चिरंजीव खूश झाले. मी नातीला बोलावून सगळे समजावून सांगितले, कलमवार. तिने ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाली, "म्हणजे तुम्हीपण बाबांसारखंच 'नाही' म्हणालात, आजोबा. फक्त तुमचं व्याकरण शुद्ध आहे."

आणि दार लावून घेतले. त्या संध्याकाळी पापड लाटण्याचा आवाज आला नाही.

वाचकहो, या पानावर मी इतकी वर्षे घरातल्या गमती लिहितो आहे. आता एक गोष्ट लिहितो ती गमतीची नाही. ती मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, कारण ती ज्या दुसऱ्या माणसाला ठाऊक आहे ते माणूस आक्का आहे.

१९६१ साली आक्का एकोणीस वर्षांची होती आणि सुरेख गायची. तिने रेडिओवर गाण्याच्या चाचणीसाठी अर्ज केला होता, आणि बोलावणे आले. गुरुवार, दुपारी चार. वडिलांना ते फारसे पसंत नव्हते, पण त्यांनी नाही म्हटले नाही. ते एवढेच म्हणाले, "सोबत कुणी असेल तर जा." वडिलांची कचेरी, आई अंथरुणाला खिळलेली. सोबत जाण्यासारखा घरात एकच माणूस होता. मी. सोळा वर्षांचा.

त्या गुरुवारी आमच्या आळीची आणि पलीकडच्या आळीची क्रिकेटची मॅच होती. टेनिसच्या चेंडूची. मी सलामीला जाणार होतो. आक्का दाराशी उभी होती, निळे पातळ नेसून, हातात वही. मी म्हणालो, "पुढच्या वेळी जाऊ की." आणि पळालो.

पुढची वेळ आली नाही. वडील म्हणाले, देवाच्या मनात नव्हते. मार्गशीर्षात आक्काचे लग्न ठरले. तिने मला कधी एका शब्दाने विचारले नाही. मॅचमध्ये माझ्या अकरा धावा झाल्या होत्या, हे मला अजून आठवते. ते विसरता आले असते तर बरे झाले असते.

आक्काला कुणी गाऊ नको म्हटले नव्हते. मनाई केली असती तर तिला निदान भांडता तरी आले असते. तिला फक्त सोबत मिळाली नाही. आमच्या घरांतून मुलींना अडवण्याची हीच रीत होती, अगदी सभ्य. नाही म्हणायचे नाही, आणि बरोबरही जायचे नाही.

सगळीकडे तेवढी सभ्यता असते असेही नाही. २०१२ च्या डिसेंबरात श्रीनगरला दहावीतल्या तीन मुलींनी 'प्रगाश' नावाचा बँड काढला. प्रगाश म्हणजे प्रकाश. पहिल्याच जाहीर स्पर्धेत त्यांना बक्षीस मिळाले. मग इंटरनेटवरून धमक्या आल्या, धर्मगुरूंनी जाहीर निषेध केला, आणि २०१३ च्या फेब्रुवारीत त्यांनी वाजवणे सोडून दिले. मुख्यमंत्र्यांनी जाहीरपणे त्यांची बाजू घेतली होती. पण त्यांचे वाजवणे काही परत सुरू झाले नाही. ही बातमी मी तेव्हा वाचली होती, हळहळलो होतो, आणि घडी घालून रद्दीत टाकली होती. माझ्या घरात तेव्हा ड्रम नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आक्का गॅलरीत तुळशीला पाणी घालीत होती. मी तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "आक्का, त्या गुरुवारी..."

"कुठला गुरुवार?" तिने न बघता विचारले. मग म्हणाली, "बाळ, चौसष्ट वर्षं झाली. आता माझ्यापुढं काय उभा राहतोस? ती पोर आत उपाशी झोपलीय, तिच्यापुढं जाऊन उभा राहा."

मी नातीच्या दाराशी गेलो. म्हटले, "गोव्याचा कागद वाईट होता. तो मी पुन्हाही फेटाळीन. पण तू म्हणालीस ते खरं आहे. मी नुसतंच फेटाळलं. आता तुम्हाला खरोखर कुठं वाजवायचं आहे ते सांग. मी बरोबर येतो."

दार जरासे उघडले. आतून एक डोळा दिसला. "पुण्याला. डिसेंबरात कॉलेजांची स्पर्धा आहे. पण ती रात्री अकरापर्यंत चालते."

"चालू दे."

"आणि खूप मोठ्यानं असतं, आजोबा. तुम्हाला सहन नाही होणार."

"कानांत कापूस घालीन. पण बसेन."

चिरंजीवांची समजूत घालायला दोन दिवस लागले. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही बरोबर असाल तर माझी हरकत नाही." हे वाक्य ऐकून मला हसू आले आणि थोडे भरूनही आले, कारण ते माझ्या वडिलांचेच वाक्य होते, चौसष्ट वर्षांनी तसेच्या तसे परत आलेले. या खेपेला मात्र मॅच नव्हती.

बाकीच्या तिघींच्या घरी मी स्वतः जाऊन आलो. एके ठिकाणी चहा झाला, एके ठिकाणी नुसते पाणी, आणि तिसऱ्या ठिकाणी त्या मुलीच्या वडिलांनी मला अर्धा तास उलटतपासणीला उभे केले. मी सगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली. बक्षीस मिळाले तर ते चौघींच्या नावाने बँकेत जाईल. रात्री सगळ्या एकाच घरी, माझ्या मावसभावाकडे, झोपतील. वेशभूषा त्यांची त्या ठरवतील. या शेवटच्या कलमावर थोडा वाद झाला, पण मी ते कापू दिले नाही. जोन जेटचे कातडी जाकीट कुणी तिच्या अंगावर चढवले नव्हते. सिनेमाच्या सुरुवातीलाच ती सुटी नाणी मोजून ते स्वतः विकत घेते. पोरीने स्वतः निवडलेले जाकीट वेगळे आणि फाउलीने निवडून दिलेले वेगळे, एवढे मला त्या सिनेमाने शिकवले.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मी तिकिटे काढायला बसलो. चार मुली, मी, सूनबाई. सहा.

"सात काढ," आक्का बेसनाचा लाडू वळता वळता म्हणाली.

"आक्का, रात्री अकरापर्यंत चालणार आहे ते. आणि आवाज म्हणशील तर..."

"माझे कान शाबूत आहेत," आक्का म्हणाली. "आणि पोरींना जेवलात का म्हणून कोण विचारणार? तू?"

सात तिकिटे काढली आहेत. आतल्या खोलीत पुन्हा पापड लाटणे सुरू झाले आहे. आक्का मघापासून लाडू वळायचे सोडून बोटांनी परातीच्या कडेवर त्याच तालाचा ठेका धरून बसली आहे, आणि तिला ते ठाऊक नाही.